खालून दुसरी ओळ

मित्रांनो, मी एक म्हातारा कॅमेरा आहे, आणि माझ्या तोंडून काही गोडगोड ऐकायला मिळेल अशी आशा धरू नका. फेलिसा मनांगच्या स्वयंपाकघरात, मिठाची बरणी आणि बियांचा डबा यांच्या मधे माझी जागा आहे. इकडच्या डोंगरात आपल्याहून मोठ्या बाईला मनांग म्हणतात आणि मोठ्या पुरुषाला मनोंग. खाली चूल आहे, तिचा धूर माझ्या सांध्यासांध्यांत बसला आहे. दिवसातून एकदा तरी एखादी कोंबडी फळीवर चढते आणि माझ्या डोक्यावर ऐसपैस बसते. पूर्वी माझ्यावर धुळीचा कण बसला तर आकांत व्हायचा. आता कोंबडीला कुणी हटकतसुद्धा नाही.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या एका मुलीने माझं भिंग बसवलं, त्यावर हलकी फुंकर मारली आणि मला डोळ्याला लावून खिडकीकडे पाहिलं. मग मला उलटं धरून तिने आत डोकावून बघितलं. मी पाहिलेला तो पहिला चेहरा. मला वाटलं, आपला जन्म चेहरे पाहण्यासाठीच आहे. कशाचं काय!

बागियो शहरातल्या एका दुकानातून मला अर्सेनियो सरांनी घेतलं. ते शाळेत चित्रकला शिकवायचे. मला घेण्यासाठी त्यांनी दोन वर्षं नवे बूट घेतले नाहीत, हे ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. माझी निगा मात्र राखावी ती त्यांनीच! रोज संध्याकाळी मऊ चामड्याने पुसायचे, पावसाळ्यात पिशवीत भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी ठेवायचे म्हणजे मला ओल लागू नये. बायकोला ताप आला होता तेव्हासुद्धा ते आधी माझी पिशवी कोरडी आहे का ते बघून मग डॉक्टरकडे गेले होते. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं. आज आठवलं की लाज वाटते.

दर शनिवारी आम्ही पहाटेची बस पकडून डोंगरात जायचो. बाकीचे लोक शिखराचे फोटो काढत, ढगांचे काढत, एकमेकांचे दात दाखवणारे काढत. सर मान खाली घालून चालत. पाईनच्या सालीवरच्या भेगा, दगडावरचं शेवाळ, ओढ्याच्या वाळूत पाण्याने ओढलेल्या रेघा, किड्याने पोखरलेलं पान. ते गुडघ्यावर बसत, मग पोटावर झोपत, आणि मला इतकं जवळ नेत की पान पान राहत नसे, दगड दगड राहत नसे. नुसते रंग आणि रेघा उरत. त्यांचा एकच नियम होता. फोटो कशाचा आहे ते बघणाऱ्याला कळलं, की फोटो फसला.

खोटं कशाला बोलू, मला तो नियम आवडायचा. मुलाबाळांच्या वाढदिवसात ताटकळणारे कॅमेरे मला सामान्य वाटत. माझी मान ताठ असायची.

फेलिसा मनांगचं घर त्याच वाटेवर, उंचावर, पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांच्या वर आहे. सर पहिल्यांदा तिथे पाणी मागायला थांबले आणि कॉफी घेऊन निघाले. मग ते दर खेपेला थांबायला लागले. ते काय शोधतात हे मनांगला दुसऱ्याच भेटीत कळलं. तिने ना कधी चित्र काढलं होतं, ना शाळा पुरी केली होती, पण रोज भाजीची पानं उलटून कीड शोधणारी बाई ती. तिची नजर सरांच्या नजरेपेक्षा जलद होती. ती सरांबरोबर थोडी वाट चालायची आणि मधेच थांबून ओठ पुढे काढून दाखवायची, तिकडे बघा. इथे रानात कुणी बोट रोखत नाही. दगडात, झऱ्यात न दिसणारे कुणी राहतात, बोट दाखवलेलं त्यांना खपत नाही. लहान पोराने चुकून दाखवलंच तर आपलं बोट आपणच चावून घ्यायचं असतं. म्हणून सगळे ओठांनीच दाखवतात. तिने ओठ पुढे काढले की तिथे हमखास काहीतरी असायचं. सरांचे जे फोटो पुढे गाजले त्यातले निम्मे तिच्या ओठांनी सापडलेले आहेत. पण तसं कुठे लिहिलेलं नाही. बोट दाखवलं असतं तर निदान कुणाच्या तरी लक्षात राहिलं असतं. ओठ काय, दाखवून झालं की पुन्हा जागच्या जागी जातात.

त्या घराच्या दाराशी एक मोठा दगड आहे. मनांगची आई, दोमिंगा आजी, दिवसभर त्यावर उन्हात बसून असायची. तोंडात दात नाही, कपाळावर आडव्या रेघा, डोळे मात्र मिश्किल. एकदा सरांची नजर त्या दगडावर गेली. त्यावर शेंदरी आणि राखाडी चकत्या होत्या, शेवाळाच्या जातीचं काहीतरी. सर म्हणाले, आजी, जरा उठता का? आजी काठी टेकत उठली आणि दगड मोकळा करून भिंतीला धरून उभी राहिली. पाहुण्याने म्हटलं आणि ती उठली, एवढंच. सर पोटावर झोपले.

तेव्हा मनांगने त्यांच्याकडे आयुष्यातली एकच गोष्ट मागितली.

"सर, ह्या खेपेला आईचा एक चेहरा काढा ना. सारखी म्हणते, मी मेल्यावर पतवंडांच्या स्वप्नात गेले तर त्यांना ओळखू तरी यायला हवी."

हे तुम्हाला सांगायला हवं. आमच्या डोंगरात मेलेल्या माणसाला थंडी वाजली की ते घरच्यांच्या स्वप्नात येतं आणि पांघरूण मागतं. मग मंबुनोंगला, म्हणजे विधी करणाऱ्या म्हाताऱ्याला, बोलवायचं, डुक्कर कापायचं, गावाला जेवू घालायचं आणि काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची चादर त्याच्या नावाने द्यायची. मुलं ओळखतात, नातवंडंही ओळखतात. पुढच्या पिढीचं काय? स्वप्नात कुणी म्हातारी कुडकुडत उभी राहिली आणि ती कोण हेच कळलं नाही, तर चादर द्यायची कुणाला?

सर गोड हसले. त्यांचं हसणं फार गोड होतं. म्हणाले, मनांग, चेहरे काढायला बाजारात स्टुडिओ आहे, आणि माझ्या फिल्मवर आता चारच फोटो उरलेत. ते चारही त्यांनी दगडावर खर्च केले. मी चार वेळा डोळा उघडला आणि चारही वेळा माझ्यासमोर दगड होता. दोन हातांवर आजी उभी होती. मला जरासं वळवायचं होतं, बस.

आजी त्याच वर्षी डिसेंबरच्या आधी गेली. स्टुडिओपर्यंत तिला कोण नेणार होतं? बस गाठायची तर तासभर उतार उतरावा लागतो.

दुसऱ्या महिन्यात ती फेलिसा मनांगच्या स्वप्नात आली. काही बोलली नाही, नुसते पाय पोटाशी घेऊन बसली होती. तिसऱ्यांदा आली तेव्हा म्हणाली, पायाशी फार गार लागतंय गं. मनांगने मंबुनोंगला विचारून दिवस ठरवला. चादर विणायला टाकली. वरच्या अंगाला राहणाऱ्या गास्पार मनोंगचं डुक्कर बघून ठेवलं. सगळं भागवायचं होतं ते खालच्या दोन पायऱ्यांवरच्या चिनी कोबीवर. तिने आणि तिच्या मुलीने, जोव्हेलिनने, एकेक रोप हाताने लावलं होतं. सोळा वर्षांची पोरगी, तोंडाने तिखट, पण आजीचं नाव निघालं की गप्प व्हायची.

जानेवारीत सर आले आणि मुक्कामाला राहिले. संध्याकाळी चुलीशी कॉफी पिताना बोलणं थंडीवर आलं. मनांगने सांगितलं, ह्या दिवसांत पहाटे आंदाप पडतो. दव पानावरच गोठतं. गोठलं तरी पान लगेच मरत नाही, पण त्यावर ऊन पडलं की ते जळतं, भाजल्यासारखं. म्हणून ऊन यायच्या आत पाणी मारून ते धुऊन काढावं लागतं. झऱ्याचा पाईप एकच आहे, सगळ्यांच्या पाळ्या लागलेल्या आहेत, आपली पाळी हुकली तर मग देवच वाली. सर अगदी मन लावून ऐकत होते. त्यांनी विचारलं, ऊन नेमकं किती वाजता येतं? मनांगला बरं वाटलं. शिकलेला माणूस आपल्या कोबीची इतकी चौकशी करतोय. मी खुंटीवर पिशवीत लटकलो होतो, मलाही बरंच वाटलं.

पहाट झाली. सर मला घेऊन खाली उतरले आणि खरं सांगतो, मित्रांनो, मीसुद्धा श्वास रोखला. प्रत्येक पानाच्या शिरेवर बर्फाचे बारीक काटे उभे होते. शिरेतून शीर फुटत गेलेली, कडेला नाजूक झालर, मधेच एखादा थेंब जसाच्या तसा थांबलेला. सरांनी खालून दुसऱ्या ओळीत अंग टाकलं. कोपर मातीत, मी डोळ्याला. पण त्यांनी बटण दाबलं नाही. ते थांबले.

मनांग आणि जोव्हेलिन पाण्याची नळी घेऊन आल्या. मनांग सरांच्या पायांशी येऊन उभी राहिली. दोनदा खाकरली. मग म्हणाली, सर, पाणी सोडायचं होतं.

"पाच मिनिटं, मनांग. जरा ऊन येऊ दे."

मनांग बरं म्हणाली.

तुम्ही म्हणाल, ती ओरडली का नाही? त्यांना बाजूला का केलं नाही? तुम्ही डोंगराखालचे लोक आहात, तुम्हाला नाही कळायचं. जो माणूस आपल्या चुलीशी कॉफी प्यायला, आपल्या छपराखाली झोपला, त्याला उठा म्हणणं म्हणजे आपल्याच घराचं तोंड काळं करणं. तिची आई दगडावरून उठली होती, ती पाहुण्याला कोबीतून कशी उठवणार? शिवाय रात्री तिने सगळं समजावून सांगितलं होतं. ज्याला सगळं माहीत आहे तो माणूस उगाच थांबायला सांगेल का? असं तिला वाटलं. फसली ती इथेच.

जोव्हेलिन म्हणाली, आई, तू सांग ना त्यांना. मनांगने ओठ घराच्या दिशेने काढले. जा, आत जा. पोरगी गेली नाही, नळी आवळून तिथेच उभी राहिली.

तेवढ्यात वरून गास्पार मनोंगची हाक आली. "फेलिसा, पाणी तू घेतेस का मी घेऊ? ऊन आलं बघ डोंगरावर."

"तुम्हीच घ्या मनोंग," ती वर बघून म्हणाली. "माझ्याकडे पाहुणे आहेत."

वरच्या पायऱ्यांवर पाणी सुटल्याचा आवाज मी ऐकला. पोरीच्या हातातली नळी रिकामीच होती.

मग ऊन आलं. आधी पलीकडच्या कड्यावर, मग पाईनच्या शेंड्यांवर, मग सरकत सरकत खालच्या पायरीवर. बर्फाच्या काट्यांमधून ते तिरपं घुसलं आणि सगळं पान आतून पेटल्यासारखं झालं. सरांनी बटण दाबलं. मी डोळा उघडला आणि मिटला. माझ्या सगळ्या आयुष्यातला सगळ्यात देखणा फोटो तो. हे मला मान्य करावंच लागतं, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो.

सरांना माहीत होतं का, असं जोव्हेलिनने नंतर आईला कितीदा तरी विचारलं. मनांग म्हणायची, नसेल लक्षात आलं. मला विचारा ना. मी त्यांच्या डोळ्याला चिकटून होतो. त्यांनी दोनदा मान वर करून पोरीच्या हातातल्या नळीकडे पाहिलं होतं, आणि दोनदा मान खाली घातली होती.

दहाच्या बसने आम्ही निघालो. मनांगने वाटेसाठी उकडलेली रताळी बांधून दिली. खालच्या पायऱ्यांवरची पानं एव्हाना लुळी पडायला लागली होती, उकळत्या पाण्यातून काढावीत तशी. वरच्या पायऱ्यांवर गास्पार मनोंगचा कोबी धुऊन निघालेला, टवटवीत. सर त्या वेळी नवी फिल्म घालत होते.

चार महिन्यांनी बागियोत सरांच्या फोटोंचं प्रदर्शन भरलं. तो फोटो मधोमध, दाराएवढा मोठा लावलेला. खाली नाव लिहिलं होतं, मौन. सरांनी त्या दिवशी मला मुद्दाम गळ्यात अडकवलं होतं. कौतुकाचा नुसता पाऊस पडत होता. कुणी म्हणालं, विमानातून दिसणाऱ्या नद्या आहेत. कुणी म्हणालं, पक्ष्याचं पीस. एक जाड चष्म्याचे गृहस्थ म्हणाले, हे मानवी मन आहे. सर नुसते हसत होते. कुणाला काही कळत नव्हतं, म्हणजे फोटो साधला होता.

मनांग आणि जोव्हेलिन आल्या. सरांनीच निरोप धाडला होता. मनांगने घरच्या कॉफीच्या बियांची पिशवी आणली होती, रिकाम्या हाताने कसं यायचं म्हणून. ती त्या फोटोसमोर उभी राहिली आणि बराच वेळ हलली नाही. शेजारच्या एका बाईने कौतुकाने विचारलं, मनांग, तुम्हाला काय दिसतं ह्यात?

"हा माझा चिनी कोबी," ती म्हणाली. "खालून दुसरी ओळ."

लोक हसले. वाईट नाही हसले, प्रेमानेच हसले, एखाद्या लहान मुलाला हसावं तसं. सर म्हणाले, आमच्या मनांग फार गमत्या आहेत.

"गंमत नाही सर," ती तितक्याच हळू आवाजात म्हणाली. "ह्यात ऊन पडलेलं आहे."

त्याचा अर्थ त्या खोलीत चौघांनाच कळला. तिला, तिच्या मुलीला, सरांना आणि मला. सरांनी चष्मेवाल्या गृहस्थांच्या कोपराला धरलं आणि त्यांना पुढच्या फोटोकडे नेलं. तो फोटो दोमिंगा आजीच्या दगडाचा होता. मी त्यांच्या पोटावर लोंबकळत होतो, मागे वळून बघायची सोय नव्हती. परत आलो तेव्हा टेबलावर कॉफीची पिशवी होती आणि त्या दोघी गेलेल्या होत्या.

त्यानंतर सर त्या वाटेला गेले नाहीत. काही दिवसांनी त्यांनी नवा कॅमेरा घेतला आणि मला एका खोक्यात घातलं. खोक्यात तोच फोटो होता, लहान करून चौकटीत बसवलेला, आणि एक चिठ्ठी: फेलिसा मनांगला, स्नेहपूर्वक. बसच्या ड्रायव्हरकडून आम्ही इथे पोचलो. ज्याने मला पंधरा वर्षं तांदळाच्या पुरचुंडीत जपलं त्याने मला कोबीची भरपाई म्हणून पाठवून दिलं. चला, निदान मी काय लायकीचा होतो ते तरी कळलं.

जोव्हेलिनने खोकं उघडलं, चौकट हातात घेऊन बघितली आणि म्हणाली, "आजी थंडी वाजते म्हणून सांगतेय, आणि सरांनी बर्फ पाठवलाय."

मनांगने ती चौकट नेऊन कोंबड्यांच्या खुराड्याला वाऱ्याच्या बाजूने ठोकली. अजून आहे तिथे. काच फुटली आहे, पण वारा अडतो.

डुकराचा दिवस आला आणि गेला. गास्पार मनोंगला वाईट वाटलं, पण त्याने ते डुक्कर दुसरीकडे देऊन टाकलं. विणायला टाकलेली चादरही दुसऱ्या कुणाच्या तरी म्हाताऱ्यावर पडली. मनांगने पुढच्या वर्षी एक कोंबडी कापली आणि स्वतःच्या अंथरुणावरचं पांघरूण आईच्या नावाने दिलं. मंबुनोंग तांदळाची दारू प्यायला, मंत्र म्हणाला आणि निघताना स्पष्टच बोलला की एवढ्याने थोडंफार भागेल, पूर्ण नाही. आजी अजून येते. आता मनांग स्वतःही बिनपांघरुणाची झोपते, त्यामुळे स्वप्नात नक्की कोण कुडकुडतंय ते कळत नाही, असं ती हसत सांगते. मला हसू येत नाही.

माझं म्हणाल तर धुक्याने माझ्या भिंगाच्या आत बुरशी धरली. मधून सुरू होऊन कडेपर्यंत, शिरेतून शीर फुटत गेलेली, अगदी त्या पानासारखी नक्षी. सरांनी पाहिली असती तर पोटावर झोपून फोटो काढला असता.

गेल्या महिन्यात जोव्हेलिनला परदेशात, एका म्हाताऱ्या माणसाला सांभाळायचं काम मिळालं. निघायच्या आदल्या दिवशी तिने मला फळीवरून काढलं, कोंबडीची घाण पुसली आणि आकडा बघितला. सरांची शेवटची फिल्म आत तशीच होती आणि तिच्यावर एक फोटो शिल्लक होता. ती म्हणाली, आई, बाहेर ये. मनांगने केस विंचरले, पाणी लावून बसवले आणि आईच्या दगडावर जाऊन बसली. फोटोसाठी म्हणून मी पहिल्यांदाच तिला समोरून पाहत होतो. बुरशीतून पाहत होतो, पण पाहत होतो. कपाळावर आईसारख्याच आडव्या रेघा आल्या होत्या.

जोव्हेलिनने बटण दाबलं. ते खाली गेलंच नाही. माझा पडदा गंजून बसला आहे, किती वर्षांपासून ते मलाही माहीत नव्हतं. तिने पुन्हा दाबलं. मी सगळा जीव एकवटला मित्रांनो, पण मी उघडलोच नाही. मनांग ओठ मिटून, हात मांडीवर ठेवून, न हलता बसली होती. पाच मिनिटं तरी बसली असेल.

जोव्हेलिनने मला खाली केलं आणि माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, झाला, आई.

"चांगला आलाय ना?" मनांगने उठता उठता विचारलं. "नीट जपून ठेव. तुझ्या पोरांना दाखव. मला थंडी वाजली तर त्यांच्याकडेच यावं लागणार आहे."

पोरगी दुसऱ्या दिवशी गेली. मनांगला वाटतं, तिचा चेहरा माझ्या पोटात आहे. रोज चूल पेटवताना ती एकदा माझ्याकडे बघून घेते.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची निगा राखा असं सांगण्याची आमच्यात रीत आहे. मी ते सांगणार नाही. माझ्याइतकी निगा फार थोड्यांची राखली गेली असेल, आणि त्याने कुणाचं भलं झालं नाही. रानात जाल तेव्हा पानंफुलं खुशाल बघा. पण कुणी म्हातारीचा चेहरा काढा म्हणालं तर आधी तो काढा. आणि तुमच्या मागे कुणी हातात पाण्याची नळी धरून गप्प उभं असेल, तर त्याने उठा म्हणायची वाट पाहू नका. आपणहून उठा.